गुरुवारची रेघ

गुरुवारी शार्दूल कणसे दाढी करून कामावर यायचा. इतर दिवशी त्याच्या हनुवटीला वस्तरा लागेलच अशी खात्री नव्हती, पण गुरुवार कधी चुकला नाही. ज्या बाईसाठी हा थाट, ती तिकडे आंबा घाटाच्या पायथ्याशी साखरप्याला. तिला हा दिसायचा नाही आणि ह्यालाही ती दिसायची नाही. त्याला दिसायची फक्त एक रेघ.

ती रेघ होती तिच्या जीपच्या इंजिनातल्या पाण्याच्या तापमानाची. बायकोची खुशाली अशा रीतीने जाणून घेणारा नवरा कोल्हापुरात दुसरा कोणी नसावा.

विजेच्या गाड्यांनी रस्ते भरून गेले त्याला आता दहा-बारा वर्षं झाली होती. पण डोंगराळ मुलखात, जिथे चार्जिंगची सोय अजून पोचली नव्हती, तिथे जुन्या डिझेल गाड्या टिकून होत्या. माणसं म्हातारी होतात तशा त्याही म्हाताऱ्या झाल्या होत्या, आणि त्यात उन्हाळे दर वर्षी चढत चाललेले. एप्रिल लागला की घाटाघाटांत बॉनेट उघडून वाफा सोडत गाड्या उभ्या राहायच्या, मागे रांगा लागायच्या आणि त्या रांगेत रुग्णवाहिकाही अडकायच्या. एका वर्षी हे फारच झालं तेव्हा सरकारने फर्मान काढलं, की जुनं इंजिन रस्त्यावर आणायचं असेल तर त्यात तापरक्षक बसवलाच पाहिजे. हा तापरक्षक शार्दूलने तयार केला होता.

वस्तू म्हटली तर साधी. इंजिनाभोवती जे पाणी फिरतं, म्हणजे गॅरेजवाले ज्याला कूलंट म्हणतात, ते इंजिनाची उष्णता घेऊन पुढच्या रेडिएटरमध्ये जातं, तिथे वाऱ्याने निवतं आणि परत येतं. ते इंजिनातून बाहेर पडतं त्या वरच्या तोंडाशी एक बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा बसवलेला असतो. त्याच्या पोटात एक मणी. पाणी तापेल तसा त्या मण्यातून वीज जायला कमी अडथळा होतो, आणि अडथळा मोजला की तापमान कळतं. इतकं तर शार्दूलच्या जन्माआधीपासून प्रत्येक गाडीत होतं. पण डॅशबोर्डवरचा काटा लालवर जाईपर्यंत फार उशीर झालेला असतो. कुकरसारखंच असतं ते. झाकण घट्ट, आत दाब, त्यामुळे पाणी शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही, सगळं आलबेल वाटतं, आणि मग एकदम शिट्टी होते.

शार्दूलने काय केलं, तर किती तापलं ह्यापेक्षा किती वेगाने तापतंय ते बघायला लावलं. चढ किती आहे, ऊन किती, गाडीत ओझं किती, हे सगळं धरून ह्या क्षणी ही गाडी किती तापायला हवी होती ते यंत्र स्वतःशी ठरवतं आणि प्रत्यक्ष तापमान त्याच्यापुढे जायला लागलं की बोलतं. आणि मुख्य म्हणजे ते गाडीची सवय शिकतं. एखादी गाडी मुळातच गरम डोक्याची असते, तिला उगाच टोकून उपयोग नाही. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा घडली आणि काही बिघडलं नाही, तर ते यंत्र तिला दुखणं मानायचं सोडून देतं. ह्या कलमाचा शार्दूलला फार अभिमान होता.

ह्या सगळ्या गाड्यांच्या रेघा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या तापकेंद्रात पडद्यावर उमटत. हिरवा दिवा म्हणजे ठीक. पिवळा लागला की गाडीतलं यंत्र आपणहून ड्रायव्हरला सूचना देई. लाल लागला तर मात्र केंद्रातल्या माणसाने स्वतः फोन करायचा. हिरव्यावर कोणीही कुणाला फोन करायचा नाही, कारण ऐन वळणावर फोन वाजून ड्रायव्हर दचकला तर गाडी दरीत. हा नियमही शार्दूलनेच लिहिलेला.

पिवळ्या दिव्याची सूचनाही त्याच्याच आवाजात होती. चाचणीच्या वेळी निवेदिका मिळेना, म्हणून त्याने तात्पुरती दोन वाक्यं स्वतःच भरली होती. "आपली गाडी तापत आहे. कृपया बाजूला थांबा, घाई करू नका." आपल्याकडे तात्पुरतं बसवलेलं काही निघत नाही, तसा तो आवाजही राहून गेला. सह्याद्रीतल्या निम्म्या घाटांत हा गृहस्थ अनोळखी लोकांना थांबा म्हणत होता. घरच्या माणसाला थांब म्हणायची वेळ आली तेव्हा मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

गौतमी जनावरांची डॉक्टर. साखरप्याच्या सरकारी दवाखान्यात तिची बदली झाली, तेव्हा तापरक्षकाच्या चाचण्या रंगात आल्या होत्या. वडिलांची जुनी जीप घेऊन ती निघाली. शार्दूल फाटकाशी उभा राहून म्हणाला, "टायरमधली हवा बघितलीस ना? दोन महिन्यांत आलोच मी." दोन महिन्यांचे चार झाले, चाराचे आठ. तो गेला नाही, पण फोन मात्र दिवसातून तीनदा करायचा. जेवलीस का. गाडीत पाणी बघितलंस का. तुझा आवाज बसलाय, तुला ताप येणार आहे. आणि गंमत म्हणजे तिला खरोखर ताप यायचा.

एकदा ती रात्रभर एका अडलेल्या म्हशीपाशी बसून घरी आली होती. म्हैस वाचली नव्हती. शार्दूलने फोनवर तिचा श्वास ऐकला आणि म्हणाला, "तू चिडणार आहेस आता. आधी पाणी पी."

"शार्दूल," ती म्हणाली, "मी चिडणार आहे हे तुला माझ्याआधी कळतं. का, ते कधी कळलंय? यापुढे काम असलं तरच फोन करत जा."

कोणत्याही बायकोने रागाच्या भरात हे म्हणावं आणि कोणत्याही नवऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी काहीतरी खोटं काम काढून फोन करावा. कुकरची रिंग कुठे ठेवलीस, एवढंही चाललं असतं. पण शार्दूल शब्दाचा पक्का. तो खरंखुरं काम शोधत बसला. कुकरची रिंग त्याला सापडली होती. विम्याचे कागद कपाटात जागच्या जागी होते. काम काही निघेना, आणि तिचाही फोन येईना. असं करता करता दोन वर्षं उलटली. वेगळं व्हायचं असं दोघांपैकी कोणीच कधी म्हटलं नव्हतं.

त्याला ती हवी होती. स्वयंपाकघरात गुणगुणताना हवी होती, शेणाच्या वासाच्या गमबुटांसकट हवी होती. मिळत होती ती रेघ. पहाटे अंधारात रेघ उमटली की तो समजायचा, कुणाची तरी गाय अडली आहे. मग त्याला झोप यायची नाही. जीप परत दवाखान्याच्या आवारात येऊन हळूहळू थंड पडेपर्यंत तो जागा राहायचा आणि मग तीही झोपली असेल असं धरून आडवा व्हायचा.

आणि एक इच्छा त्याच्या मनात घर करून होती, जिची त्याला लाज वाटायची. तिच्या जीपला एकदा लाल दिवा लागावा. जास्त काही नको, सपाटीवर, सावलीत, दिवसाउजेडी. लाल लागला तर फोन करणं त्याचं कर्तव्य ठरलं असतं आणि ते काम आहे हे तिलाही मान्य करावं लागलं असतं. पण त्याच्याच यंत्राने दोन वर्षांत जीपची प्रत्येक कुरकुर इतकी आधी पकडली होती, की लाल दिव्याची वेळच आली नाही.

दर गुरुवारी गौतमी घाट चढून वरच्या धनगरवाड्यांवर जनावरं तपासायला जायची. घाटाच्या मध्यावर एका वळणाला दगडी टाकी आहे. झऱ्याचं पाणी तिच्यात बारमाही पडतं आणि काठावरून सांडत राहतं. पूर्वी ट्रकवाले तिथे थांबून रेडिएटर भरायचे. त्या वळणावर फोन लागतो. तिथून पुढे घाटमाथ्यापर्यंत लागत नाही, फक्त रेघा केंद्रात पोचवणारे तापरक्षकाचे सरकारी खांब चालतात. गौतमी दर गुरुवारी त्या टाकीपाशी जीप उभी करायची, पण इंजिन चालूच ठेवायची. मग उभ्या गाडीत रेघ चढत जायची, चढत जायची, पिवळ्याच्या उंबऱ्याशी पोचायची, आणि मग ती उतरायला लागली की जीप पुढे निघायची. पहिल्या काही गुरुवारी तिथे पिवळा दिवा लागलाही होता. नंतर यंत्राने ती सवय शिकून घेतली आणि ते गप्प झालं.

तापलेलं इंजिन एकदम बंद करू नये, थोडं चालू ठेवावं, असं शार्दूलनेच तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. ती अजून ते पाळते, ह्याचं त्याला केवढं बरं वाटायचं. रेघेतल्या त्या उंचवट्यासाठी तर गुरुवारची दाढी.

"काय कणसे," शिफ्टप्रमुख रुबीना मुल्लाणी त्या गुरुवारी म्हणाल्या, "चकाचक आलाय. गुरुवार न्हवं का आज." केंद्रात एकाच गाडीवर लक्ष ठेवायला मनाई होती. पण रुबीनाबाई गुरुवारी सकाळी घाटाचा पडदा शार्दूलकडेच लावायच्या आणि आपण चहाचं बघायला जायच्या.

जीप पायथ्याहून निघाली होती. रेघ रोजच्यासारखी. एप्रिलचं ऊन सकाळीच चढलेलं. टाकीचं वळण आलं, जीप थांबली, इंजिन चालूच. रेघ वर सरकायला लागली. शार्दूलने खुर्ची पुढे ओढली.

थोडी चढून रेघ खाली वळली.

रेडिएटरचा पंखा लवकर लागला असेल, असं त्याला आधी वाटलं. पण पंख्याने उतरणारी रेघ टप्प्याटप्प्याने उतरते. ही सरळ घसरत होती. पंचाण्णव, नव्वद, ब्याऐंशी. उभ्या गाडीचं इंजिन चालू आहे, ऊन मी म्हणतंय, आणि पाणी थंड होतंय. दिवा हिरवागार. उतरत्या तापाला कोण घाबरतं, असं म्हणून त्याने ते कलम लिहिलंच नव्हतं. यंत्र फक्त चढत्या रेघेवर बोलायचं.

मग त्याला उमगलं. भट्टीच्या तोंडाशी क्षणभर हात धरता येतो, कारण तिथे हवा असते. उकळत्या पाण्यात हात घालून दाखवावा. पाणी उष्णता देतं तशी हवा देत नाही. तो पितळी तुकडा सगळ्यात वर बसवलेला. खालची नळी फाटून पाणी वाहून गेलं, तर सगळ्यात आधी तोच कोरडा पडणार. तो आता हवेत लोंबकळतोय आणि हवेचं तापमान सांगतोय. खाली लोखंड तापत चाललंय. आणि गौतमी हिरवा दिवा बघणार, गिअर टाकणार आणि वरच्या अरुंद चढाला लागणार. तिथे इंजिन जाम झालं की ब्रेकचा जोर निम्मा. मागे दरी.

"मॅडम," तो म्हणाला, "जीपमध्ये पाणी नाही."

रुबीनाबाई चहाचा कप घेऊनच आल्या. पडद्याकडे पाहिलं. "हिरवा हाय की."

"म्हणूनच. तुकडा कोरडा पडलाय."

"कणसे, हिरव्यावर फोन करायचा न्हाई, तुमचाच नियम हाय. घाटात गाडी चालू असताना बाई दचकली तर?" मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि एक इचारते, राग मानू नका. तुम्हाला फोन करायचाय म्हणून तर असं दिसत न्हाई ना?"

त्यांनी वर्मावर बोट ठेवलं होतं. दोन वर्षं तो तिच्या गाडीत बिघाड व्हावा म्हणून वाट पाहत होता. आणि आज यंत्राला न दिसणारा बिघाड त्या एकट्याला दिसत होता. तो चुकला असला तर ती म्हणणार, काम नसताना केलास. त्यानंतर खरं काम निघालं तरी ती फोन उचलणार नाही. रेघ शहात्तरवर आली होती. जीप अजून उभी होती. ती उभी असेपर्यंतच फोन लागणार होता.

"तसंही असेल," तो म्हणाला, "पण पाणी नाही." आणि त्याने स्वतःच्या फोनवरून नंबर लावला. नंबर शोधावा लागला नाही.

पलीकडे रिंग वाजत राहिली. मग इंजिनाची घरघर ऐकू आली, आणि तिच्या आड तिचा आवाज.

"बोल."

दोन वर्षांत मनात घोळवलेली किती वाक्यं होती. त्यातलं एकही त्याला आठवलं नाही. "इंजिन बंद कर," तो म्हणाला. "आत्ता. मग बोल मला काय बोलायचं ते."

घरघर थांबली. मागे टाकीतून सांडणाऱ्या पाण्याचा आवाज येऊ लागला. तिने काही न विचारता बंद केलं, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

"हिरवा दिवा आहे इथे," ती म्हणाली.

"खोटा आहे तो. खालची नळी बघ. रेडिएटरचं झाकण उघडू नकोस, भाजशील. आणि टाकीचं पाणी ओतू नकोस, गरम लोखंडावर गार पाणी पडलं तर इंजिनाचं हेड तडकेल."

दार उघडल्याचा आवाज आला. मग गमबुटांची पावलं दूर गेली. शार्दूल कानाला फोन लावून उभा होता आणि रुबीनाबाई हातातला चहा तसाच धरून त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"इथे टाकीमुळे रस्ता कायमच ओला असतो," गौतमी म्हणाली. "पण गाडीखालचं पाणी गरम आहे. नळी उभी फाटलीय. मी निघणारच होते. अजून दोन मिनिटांनी."

शार्दूल खाली बसला.

"साखरप्याहून मेकॅनिक बोलावते," ती म्हणाली.

"नको," तो म्हणाला. "म्हणजे बोलाव, पण... नळी माझ्याकडे आहे. त्या जीपची. मी आणून ठेवलेली आहे." कधीपासून, ते तो बोलला नाही. "मी येतो. सावलीत बस."

फोन ठेवल्यावर रुबीनाबाईंनी चहाचा एक घोट घेतला. "जावा आता," त्या म्हणाल्या. "हितलं मी बघते. आणि त्या उतरत्या रेघेचं कलम आल्यावर पयलं लिवायचं, काय?"

रस्ताभर त्याने काय बोलायचं ते जुळवलं. मलकापूरपर्यंत माफी जुळवली, आंब्यापर्यंत ती लांबली म्हणून निम्मी काढून टाकली, घाट उतरायला लागल्यावर उरलेलीही विसरला. टाकीचं वळण त्याने दोन वर्षं पडद्यावर एक ठिपका म्हणून पाहिलं होतं. प्रत्यक्षात तिथे जांभळाचं एक मोठं झाड होतं आणि टाकीच्या काठाला हिरवंगार शेवाळ. गौतमी कठड्यावर बसली होती. लसींची पेटी तिने झाडाच्या सावलीत, टाकीच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याखाली ठेवली होती. तिच्या कानाजवळ केस पांढरे झाले होते आणि ती थोडी बारीक झाली होती. हे कुठल्याच रेघेत आलं नव्हतं.

"आलास," ती म्हणाली.

"आलो," तो म्हणाला, आणि ह्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा ठेवायची, सरळ जीपच्या तोंडाशी जाऊन वाकला.

पुढच्या जाळीवर गोणपाट बांधलेलं होतं. चांगलं दुहेरी, पूर्ण रेडिएटर झाकेल असं, आणि चारी कोपऱ्यांना सुतळीच्या गाठी. वासराला दाव्याने बांधतात तशा त्या गाठी होत्या. थंडीच्या दिवसांत डोंगरातले लोक सकाळी इंजिन लवकर तापावं म्हणून असं बांधतात, ते त्याला ठाऊक होतं.

"हे थंडीतलं काढायचं राहिलं वाटतं," तो म्हणाला. "ह्यानेच नळी गेली. वारा लागत नाही, आत दाब वाढत राहतो, दर वेळी थोडी थोडी कमकुवत होते."

"राहिलं नाही. मीच बांधते. दर गुरुवारी, इथे आल्यावर. निघताना सोडते."

तो उठून उभा राहिला. "इथे? उन्हाळ्यात? इंजिन चालू ठेवून? अगं, पण असं केलं तर गाडी तापेल."

"हो."

"मग कशाला?"

गौतमी कठड्यावरून उतरली नाही. पायातल्या गमबुटाकडे बघत बोलू लागली. "दीड वर्षापूर्वी वर दरड कोसळली होती. ह्याच वळणावर रांगेत अडकले होते. जीप तापली, पिवळा दिवा लागला आणि तुझा आवाज आला. आपली गाडी तापत आहे, कृपया बाजूला थांबा, घाई करू नका. मला माहीतच नव्हतं तो आवाज तुझा ठेवलाय म्हणून. मी बाजूला घेतली आणि खूप रडले. मागचा ट्रकवाला उतरून विचारायला आला, ताई, जनावर गेलं का कुणाचं."

शार्दूलने हातातली नळी टाकीच्या काठावर ठेवली.

"पुढच्या गुरुवारी मुद्दाम उभी केली. उघड्यावर तापेना, म्हणून गोणपाट बांधलं. आलास बोलायला. त्याच्या पुढच्या गुरुवारी पण आलास. मग एका गुरुवारी दिवाच लागला नाही. मला वाटलं गोणपाट विरलं असेल, म्हणून दुहेरी केलं. तरी नाही. तेव्हापासून दर आठवड्याला तापवतेय. आवाज नाही तर नाही, निदान लाल तरी लागेल आणि तुला फोन करावा लागेल, असं वाटायचं." तिने मान वर केली. "तू रोज बघत होतास ना ती रेघ?"

"रोज."

"गाडी दर गुरुवारी एकाच जागी उभी राहून तापते, हे दिसत नव्हतं तुला?"

"दिसत होतं," तो म्हणाला. "मला वाटायचं तू गाडी निववतेस. मी सांगितलं होतं तसं." आणि मग त्याला सगळंच सांगावं लागलं. यंत्र सवय शिकतं, तेच तेच घडलं की त्याला दुखणं मानत नाही, आणि हे कलम त्याने स्वतः लिहिलंय, आणि त्याला त्याचा अभिमान आहे. अभिमान होता, असं त्याने दुरुस्त केलं.

"म्हणजे मी हाका मारत होते," गौतमी म्हणाली, "आणि तू त्याला शिकवलंस की ह्या बाईची ही सवयच आहे."

तो तिच्या शेजारी जाऊन कठड्यावर बसला. माफीची जुळवलेली वाक्यं आता आठवली असती तरी त्यांचा उपयोग नव्हता. "मी फोन करायला काम शोधत होतो," तो म्हणाला. "दोन वर्षं. मिळालं नाही."

गौतमीने त्याच्याकडे पाहिलं. मग तिला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "काम नाही म्हणून फोन नाही केलास. शार्दूल, मी डोक्याला हात लावू का तुझ्या पाया पडू?"

"मला खरंच वाटलं, काम लागेल."

"दाढी केलीस ते?"

"गुरुवार आहे," तो म्हणाला.

इंजिन हात लावण्याइतकं निवल्यावर त्याने नळी बदलली. तिने गाठी सोडून गोणपाट काढलं, घडी घातली आणि मागे टाकलं. टाकीचं पाणी बादलीने आणून दोघांनी मिळून हळूहळू रेडिएटर भरला. ती ओतत होती, तो हवेचे बुडबुडे निघतात का ते बघत होता. कोरडा पडलेला तुकडा पुन्हा पाण्यात बुडला.

"सुरू कर," तो म्हणाला.

ती स्टिअरिंगला बसली. तो पलीकडे चढला. लग्नानंतर हीच जागा त्याची होती, आणि सीटचा तो फाटलेला कोपरा तसाच होता. इंजिन धरलं. काटा वर सरकू लागला. गोणपाट नव्हतं, पंखा फिरत होता, कशात काही खोट नव्हती. तरीही डॅशबोर्डवर एकदम पिवळा दिवा लागला आणि शार्दूल कणसेंचा आवाज जरा खरखरत म्हणाला, "आपली गाडी तापत आहे. कृपया बाजूला थांबा, घाई करू नका."

गौतमीचा हात चावीवरच राहिला.

"काही झालेलं नाही," शार्दूल घाईघाईने म्हणाला. "नळी बदलताना मी बॅटरीची तार काढली होती. ती काढली की यंत्र मागचं सगळं पुसून टाकतं. गाडी त्याला नवी वाटते आता. पुन्हा सवय होईपर्यंत जरा काही झालं की बोलत राहणार. मी बंद करून देतो, एक मिनिट."

"राहू दे," गौतमी म्हणाली.

आवाज पुन्हा आला. थांबा, घाई करू नका. एक एसटी वरून उतरत आली, वळणावर भोंगा वाजवून निघून गेली.

"किती दिवस बोलेल हा?" तिने विचारलं.

"तीन-चार आठवडे. मग शिकेल आणि गप्प होईल."

"आणि तू?"

शार्दूलने ह्या वेळी उत्तर जुळवलं नाही. "मी शिकायला फार मंद आहे," तो म्हणाला. "तुला माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि तिने इंजिन बंद केलं. लसींना अजून थोडा वेळ काही होणार नव्हतं. दोघं काचा खाली करून, जीप निवेपर्यंत तिथेच बसून राहिली.